'कारखाना बँक कर्जमुक्त' ही जाहिरात मी लिहू का?

या वेळचं पत्र कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात जनसंपर्काचं काम बघणाऱ्या ताईंचं आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी थोडक्यात त्यांच्याच शब्दांत देतो.

"आमचा कारखाना दोन वर्षं अडचणीत होता. आता राज्य सरकारच्या हमीवर राष्ट्रीय सहकार विकास निगमचं कर्ज मिळालं, त्यातनं बँकेचं थकलेलं कर्ज भागवलं आणि हंगाम सुरू होणार हे नक्की झालं. पण गेल्या हंगामात शेवटी शेवटी आलेल्या उसाची बिलं अजून निघालेली नाहीत, कामगारांचे पाच पगार थकलेत, त्यात माझेपण आले. चेअरमन साहेबांचं म्हणणं आहे की कारखान्याची प्रतिमा सुधारायची तर गाळप हंगाम सुरू करताना मोळी टाकायचा जो कार्यक्रम असतो तो दणक्यात करायचा. कृतज्ञता सोहळा, पेपरात चार पानी पुरवणी, गावोगावी फ्लेक्स, आणि पुरवणीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'कारखाना बँक कर्जमुक्त'. नंतर संचालकांचा परदेशात अभ्यास दौरा आहे, त्याची बातमीपण मीच करायची. एमडी, म्हणजे कार्यकारी संचालक, म्हणतात वाक्य खोटं नाही, बँकेचा दाखला आहे. दाखला मी बघितलाय, खरा आहे. पण माझे वडील याच कारखान्याचे सभासद, त्यांचंही बिल अडकलंय, ते मला काही विचारत नाहीत आणि तेच जास्त लागतं. एसटी स्टँडवर लोक तोंडावर बोलतात. घराचा हप्ता चालू आहे, नोकरी सोडता येत नाही. मी हे लिहू का? आणि नाही लिहायचं तर प्रतिमा सुधारायची तरी कशी?"

ताई, आधी उत्तर देतो, मग कारणं. ते वाक्य आहे तसं लिहू नका. आणि नोकरीही लगेच सोडू नका. दोन्ही एकदम जमतं, कसं ते पुढं सांगतो, पण जरा सविस्तर सांगावं लागेल कारण एमडी साहेबांचं म्हणणं वरवर बघितलं तर बिनतोड आहे आणि त्यांच्यापुढं तुम्हाला नुसतं 'मला पटत नाही' म्हणून भागणार नाही.

बँकेचं देणं फिटलं हे खरं. पण फिटलं कशातनं, तर दुसऱ्या कर्जातनं, आणि त्या दुसऱ्या कर्जाला हमी सरकारची, म्हणजे उद्या कारखान्यानं हप्ते थकवले तर ते पैसे सरकारी तिजोरीतनं जाणार. आपल्याकडं याला नवं-जुनं म्हणतात, आणि ते काय असतं हे शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही, मार्च आला की सेवा सोसायटीत जाऊन तो स्वतः तेच करत असतो. नवं-जुनं करून आलेला माणूस घरात येऊन 'आपण कर्जातनं सुटलो' असं बायकोला सांगत नाही. मग ज्याला हे सगळं तोंडपाठ आहे त्याच्याच हातात तुम्ही 'बँक कर्जमुक्त' अशी पुरवणी देणार, त्याला ते वाचता वाचता कळणार, आणि त्यानंतर त्या चार पानांत जे काही खरं लिहिलेलं असेल, दुरुस्त केलेली मशिनरी असेल, यंदाची ऊसनोंद असेल, ते तो वाचणारच नाही. नुकसान तिथं आहे.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतली गाड्या बनवणारी जनरल मोटर्स २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिथल्या सरकारनं तिच्यात सगळे मिळून जवळपास ५० अब्ज डॉलर घातले. त्यातल्या बऱ्याचशा पैशाचे शेअर झाले, सरकार ६० टक्क्यांच्या वर मालक झालं, आणि ६.७ अब्ज डॉलर तेवढे नव्या कंपनीवर कर्ज म्हणून राहिले. एप्रिल २०१० मध्ये कंपनीनं ते कर्ज मुदतीच्या पाच वर्षं आधी व्याजासकट फेडलं आणि कंपनीचे प्रमुख एड व्हिटाकर स्वतः टीव्हीवरच्या जाहिरातीत आले, सरकारी कर्ज आम्ही पूर्ण फेडलं हे सांगायला. आता बघा, वाक्य खोटं नव्हतं, तुमच्या एमडींसारखा दाखला त्यांच्याकडंही होता. पण बेलआउटच्या, म्हणजे बुडत्या कंपन्यांना सरकारनं दिलेल्या मदतीच्या पैशावर नजर ठेवायला जे खास महानिरीक्षक नेमले होते, नील बारोफस्की, त्यांनीच सांगितलं की हे पैसे गाड्या विकून आलेले नाहीत, सरकारनंच दिलेल्या मदतीतली रक्कम एका राखीव खात्यात पडून होती तिथनं उचलून सरकारला परत दिलीय. आणि शेअरमध्ये अडकलेल्या मोठ्या रकमेचं काय, त्याबद्दल जाहिरातीत चकार शब्द नाही. मग सिनेटर लोकांची टीका सुरू झाली, पेपरांनी धुतलं, आणि ज्या जाहिरातीनं विश्वास यायचा तिनंच लोकांना 'नेमकं काय लपवताय' असं विचारायला लावलं. २०१३ च्या डिसेंबरात सरकारनं हातातले शेवटचे शेअर विकले तेव्हा हिशोब लागला, करदात्यांचे १० अब्ज डॉलरच्या वर बुडाले होते.

मला त्यातली वाईट वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या वेळी कंपनीकडं सांगण्यासारखं खरं काही होतं. कारखाने चालू राहिले होते, हजारो लोकांची कामं वाचली होती. तेवढंच साधेपणानं सांगितलं असतं, 'कर्जाचा भाग फेडला, शेअरचा मोठा भाग अजून सरकारकडं आहे, तो सुटायला वेळ लागेल', तर कुणी काय म्हणणार होतं?

तुमच्या पत्रातला दुसरा भाग सोहळ्याचा आणि दौऱ्याचा. चेअरमन साहेब म्हणतील, एवढ्या मोठ्या कर्जात सोहळ्याचा खर्च तो किती. बरोबर आहे, फार नसेल. पण सहकारातल्या बऱ्याच सभा बघितल्यावर माझं मत असं झालंय की लोकांचा राग खर्च किती झाला यावर ठरत नाही, पैसे आल्यावर कुणाचे आधी निघाले यावर ठरतो.

आपल्या गावात फुटबॉलचं वेड असलेल्यांना मँचेस्टर युनायटेडच्या लाल जर्सीवरची एआयजी ही अक्षरं आठवत असतील, पाटाकडील-दिलबहार या कोल्हापूरच्या संघांच्या मॅचला शाहू स्टेडियमवर ती जर्सी घालून आलेली पोरं असायची. ती अमेरिकेतली विमा कंपनी. सप्टेंबर २००८ मध्ये बुडायला आली तेव्हा अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनं, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेनं, तिला ८५ अब्ज डॉलर दिले, पुढं मदतीचा आकडा १८० अब्जांच्या वर गेला. आणि पहिली मदत आल्यावर आठवडाभरातच तिच्याच एका उपकंपनीचा कार्यक्रम कॅलिफोर्नियातल्या समुद्रकाठच्या आलिशान रिसॉर्टमध्ये झाला, खर्च साधारण ४ लाख ४० हजार डॉलर, त्यात २३ हजार डॉलर नुसते स्पाचे. मदतीच्या मानानं ही रक्कम म्हणजे काहीच नाही. कंपनीचं म्हणणंही अगदीच खोटं नव्हतं, कार्यक्रम आधीच ठरला होता आणि आलेल्यांत बहुतेक जण बाहेरचे विमा एजंट होते, कंपनीचे लोक थोडेच. पण संसदेच्या समितीसमोर ते बिल वाचून दाखवलं गेलं आणि त्यानंतर कुणी काही ऐकून घ्यायला तयार नव्हतं, कारण त्याच आठवड्यांत लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, घरं जात होती, आणि त्यांच्या पैशानं वाचलेली कंपनी आधी मालिशचं बिल भागवत होती.

मग मार्च २००९ मध्ये बोनस. ज्या विभागानं कंपनी बुडवायची वेळ आणली त्याच विभागाला १६.५ कोटी डॉलर. करार आधीचे होते, कायद्यानं द्यावेच लागतील असं कंपनी म्हणाली. लोक इतके खवळले की अमेरिकी प्रतिनिधीगृहानं असल्या बोनसवर ९० टक्के कर लावायचं विधेयक मंजूर केलं, ते पुढं कायदा झालं नाही ही गोष्ट वेगळी. नवे प्रमुख एडवर्ड लिडी होते, ते वर्षाला १ डॉलर पगारावर काम करत होते, बुडण्यात त्यांचा हात नव्हता, तरी सगळा मारा त्यांच्यावर. आणि ताई, यातली एक गोष्ट खास तुमच्यासाठी सांगतो. त्या दिवसांत कंपनीनं आपल्या कर्मचाऱ्यांना सूचना काढली होती की कंपनीचं नाव असलेले कपडे, बॅगा बाहेर वापरू नका, रात्री एकटे जाऊ नका. म्हणजे ज्यानं बोनस घेतला नाही, जो साधं विम्याचं टेबल सांभाळत होता, त्यालाही छातीवरचं नाव झाकून घरी जावं लागत होतं. एसटी स्टँडवर तुम्हाला जे ऐकावं लागतं ते हेच आहे. निर्णय वरचे घेतात आणि शिव्या तुम्हाला, गेटवरच्या वॉचमनला, सगळ्यात जास्त तर शेतावर जाऊन उसाच्या नोंदी करणाऱ्या चिटबॉय पोरांना, कारण बांधावर रोज तीच जातात. म्हणून तो राग स्वतःवर घेऊन झुरू नका. तो तुमच्यावरचा नाहीये.

आभाराच्या जाहिरातीचं पण सांगतो, कारण कृतज्ञता सोहळा म्हणजे तीच. क्रायस्लर या अमेरिकेतल्या गाडी कंपनीनं डिसेंबर २००८ मध्ये सरकारी मदत मंजूर झाल्या झाल्या मोठ्या पेपरांत पानभर जाहिरात दिली, अमेरिकेचे आभार म्हणून. लोकांनी काय विचारलं असेल? हेच की हे पान कुणाच्या पैशानं घेतलं. एआयजीनं मात्र सगळे पैसे परत केले, सरकारला वर २२ अब्ज डॉलरहून जास्त नफा मिळाला, आणि मग २०१३ च्या सुरुवातीला आभाराची जाहिरात केली. ही वेळ बरोबर होती. पण लगेच बातमी आली की कंपनीच्या जुन्या प्रमुखानं सरकारवर मदतीच्या अटी जाचक होत्या म्हणून दावा लावलाय आणि त्यात सामील व्हायचं का याचा विचार कंपनीचं संचालक मंडळ करतंय, की परत गदारोळ, आणि दोन-तीन दिवसांत मंडळाला जाहीर करावं लागलं की आम्ही त्यात नाही.

तुमच्याकडं तर आभार मानायची दिशाच चुकतेय असं मला वाटतं. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा, त्यात स्पष्ट आहे की ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्र सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं होणारी रक्कम, द्यायची, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२२ मध्ये ती दोन हप्त्यांत द्यायची सोय करून दिली होती, मुंबई उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये तो निर्णय रद्द केला. म्हणजे तुमच्या वडलांचं बिल हे कारखान्यावरचं कर्जच आहे, फक्त ते द्यायचं का नाही हे त्यांना कुणी विचारलं नाही, कुठं सही घेतली नाही, तारण दिलं नाही. बँकेनं तारण घेतलं होतं म्हणून बँक आधी सुटली. आणि आता ज्यांचं देणं राहिलंय त्यांनाच मांडवात बसवून, ज्यांनी अजून त्यांना काही दिलेलं नाही त्यांचे सत्कार बघायला लावायचे, हे बरं नाही. कामगारांचंही तसंच.

मी बेलआउटच्या विरोधात आहे असं मात्र समजू नका. कारखाना बंद पडला तर काय होतं हे आपल्या भागाला सांगायला नको, उभा ऊस, बैलगाडीवाले, ट्रॅक्टरचे हप्ते, बीडकडनं उचल घेऊन येणारे तोडणी मजूर, बाजारपेठेतला उधारीवर चालणारा दुकानदार, सगळे एकदम अडकतात. सरकारनं हमी दिली ते माझ्या मते योग्य केलं. पण त्या हमीत गडचिरोलीतल्या माणसाचाही वाटा आहे, ज्याच्या रानात उसाचं कांडं नाही. पैसे एकदा असे आले की संचालक मंडळाला 'आमचा घरचा मामला' म्हणता येत नाही.

आता काय करायचं ते.

पहिलं म्हणजे नकार तोंडी देऊ नका, पर्याय लिहून न्या. एक छोटं टिपण तयार करा, एमडींच्या नावानं, तारीख टाकून, आणि ईमेलनं पाठवा म्हणजे नोंद राहील. त्यात नीतीवर भाषण नको. एवढंच लिहा की 'बँक कर्जमुक्त' छापल्यावर सभासद पत्रकार परिषदेत किंवा सभेत विचारतील की नवीन कर्ज किती, ऊसबिलं किती बाकी, पगार किती बाकी, तर याची उत्तरं काय द्यायची ते कळवावं. बघा, हा प्रश्न तुमच्या कामाचाच आहे, त्यात कुणाचा अपमान नाही, आणि चेअरमन कितीही जोरात असले तरी ऊस दराच्या आंदोलनात गाडी अडवली गेली की याच प्रश्नांना तोंड द्यावं लागतं हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहितेय. चारचौघांत बोलू नका, दुपारी केबिनमध्ये एकटे असताना बोला.

त्याच्यासोबत मजकूर द्या. मी लिहिला असता तर असा:

'राज्य सरकारच्या हमीवर मिळालेल्या कर्जातून कारखान्यानं बँकेचं थकीत कर्ज फेडलं आहे. हे नवं कर्ज कारखान्याला परत करायचं आहे. गेल्या हंगामातली ऊसबिलं आणि कामगारांचे पाच पगार देणं बाकी आहे. कोणती रक्कम कधी आणि कोणत्या क्रमानं दिली जाईल याचा तक्ता प्रत्येक गट ऑफिसला लावला आहे.'

आकडे त्यात भराच. आणि तारखा फक्त पाळता येणार असतील तरच टाका, नाहीतर टाकूच नका, एक चुकलेली तारीख दहा फ्लेक्सनं भरून निघत नाही. प्रतिमा कशी सुधारायची हे तुम्ही विचारलंय ना, माझं उत्तर तो तक्ताच आहे. दर पंधरा दिवसांनी बदलायचा, एकूण देणं, यावेळी दिलेलं, राहिलेलं. कमी उसाच्या सभासदांची बिलं आधी काढली तर फार बरं, कारण थोड्या रकमेत जास्त घरं मोकळी होतात, पण तो निर्णय संचालकांचा, तुम्ही सुचवू शकता. पहिल्या वेळी लोक तक्त्यासमोर उभं राहून शिव्या देतील. देऊ द्या. तिसऱ्या-चौथ्या वेळी आकडा खरंच कमी झालेला दिसला की तेच लोक बांधावर एकमेकांना सांगतात, आणि त्या सांगण्याला पुरवणीपेक्षा जास्त वजन असतं.

मोळी टाकायचा कार्यक्रम रद्द करा असं मी म्हणणार नाही. हंगामाची सुरुवात आहे, पूजा झाली पाहिजे, कामगारांनाही बरं वाटतं. गव्हाणीची पूजा, मोळी, नारळ, चहा. शक्य झालं तर त्याच दिवशी निदान एक पगार आणि बिलांचा पहिला टप्पा खात्यावर टाकायला सांगा, मग बातमी आपोआप होते.

दौऱ्याबद्दल माझं मत कडक आहे. बिलं आणि पगार निघेपर्यंत जायचं नाही. अभ्यास खरा असला तरी. अमेरिकेतल्या तीन मोठ्या गाडी कंपन्यांचे प्रमुख नोव्हेंबर २००८ मध्ये मदत मागायला वॉशिंग्टनला खासगी विमानांनी गेले, त्यावरनं इतकं झालं की पुढच्या महिन्यात तेच लोक डेट्रॉईटहून हायब्रीड गाड्या चालवत आले. त्यांना कामासाठीच जायचं होतं, तरी. तुम्ही बातमी करायला नकार देऊ नका, फक्त टिपणात एक ओळ घाला की दौऱ्याचा खर्च कोण करणार, आणि तो बातमीत लिहायचा का. बहुतेक एवढ्यानंच तारीख पुढं जाईल.

वडलांचं. ते विचारत नाहीत कारण तुम्हाला अडचणीत आणायचं नाही, असं मला तरी वाटतं. त्यांच्यापाशी तुम्हीच विषय काढा. कारखान्याची आतली कागदपत्रं घरी नेऊ नका, त्यांचं बिल पुढं सरकवायला कुणाला शब्द टाकू नका, कारण ते एकदा केलं की तक्त्याबद्दल बोलायचा तुमचा अधिकार गेला. पण सभासद म्हणून त्यांचा जो हक्क आहे तो त्यांनी वापरावा, सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणं ताळेबंद, सभेचं इतिवृत्त, स्वतःच्या खात्याचे व्यवहार बघता येतात, आणि त्यांनी तो वापरला तर तुम्ही आडव्या येऊ नका. मुलगी नोकरीला आहे म्हणून बापानं सभेत गप्प बसावं असं कुठं लिहिलेलं नाही.

आणि एवढं करूनही वरनं सांगितलं की आहे तसंच छापायचं, तर? तर मजकूर तुमच्या नावानं आणि तुमच्या मेलवरनं जाऊ देऊ नका, ज्यांना तो हवाय त्यांच्या सहीनं जाऊ दे. तुम्ही टिपण दिलंय, तुमचं काम केलंय. राग येईल, बदली होईल, टाइम ऑफिसला बसवतील कदाचित. हे मी लपवून तुम्हाला धीर देणार नाही. पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सारखी खटकतेय, घराच्या हप्त्यासाठी तुम्ही जी नोकरी धरून ठेवलीय ती पाच महिने तुम्हाला पगारच देत नाहीये. हप्ता कुठनं भरताय हे तुम्ही लिहिलं नाही. दागिने किंवा उसनवारीवर चाललं असेल तर आधी बँकेच्या शाखेत जाऊन मॅनेजरला भेटा, थकण्याआधी गेलेल्या माणसाचं ते ऐकून घेतात. आणि बायोडेटा आत्ताच तयार करा, रागानं नाही, शांतपणे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कंपन्या आहेत, हॉस्पिटलं आहेत, शिक्षणसंस्था आहेत, चांगलं मराठी लिहून पत्रकारांशी नीट बोलू शकणारं माणूस सगळ्यांना लागतं.

एक कामाचं राहिलं. पुरवणीची पानं बुक केली असतील तर टिपण द्यायच्या दिवशीच पेपरच्या जाहिरात विभागाला विचारून घ्या की कुठल्या तारखेपर्यंत बुकिंग मागं घेता येतं, आणि ती तारीख टिपणात सगळ्यात वर लिहा, म्हणजे साहेबांना निर्णय त्याच्या आधी घ्यावा लागेल.